धक्क्याला लागताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारपासून तू धक्क्यावर फिरकली नाहीस. बोट धक्क्याला लावताना तुझ्या हातून शेजारच्या बोटीचं रेलिंग वाकलं, तेही सगळ्यांच्या देखत. रेलिंग सरळ होईल. पण त्या बोटीच्या काकांना तू अजून भेटली नाहीस, याची मला जास्त काळजी वाटते.

आधी काय घडलं ते बघू, कारण ते समजल्याशिवाय तू पुन्हा सुकाणूला हात लावणार नाहीस. पौर्णिमा नुकतीच झालेली, ओहोटीचा तिसरा तास, म्हणजे पाण्याला सर्वांत जास्त ओढ. त्यात दुपारचा वायव्येचा वारा. तू घारापुरीकडून आलीस आणि थेट बोट लावायच्या जागेत शिरलीस, ओढ आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन. इंजिन न्यूट्रलला टाकलंस तरी बोट धक्क्याकडे वाहतच राहिली. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच ते ऐकतं, आणि बोट पाण्याबरोबरच जात होती, म्हणून ते ढिलं पडलं. मग तू घाईने जोरात रिव्हर्स दिलास. आपल्या बोटीचा पंखा रिव्हर्समध्ये मागची बाजू डावीकडे खेचतो. डावीकडे काकांची बोट होती.

अशा वेळी जागा ओलांडून पुढे जायचं, मोकळ्या पाण्यात वळायचं आणि ओहोटीला तोंड देऊन सावकाश वर यायचं. मग बोट जवळजवळ जागच्या जागी उभी राहते आणि तरीही सुकाणू ऐकतं. पाणी कुठून येतंय हे कळायला यंत्र लागत नाही. गेटवेसमोर बोयांना, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपांना, बांधलेल्या बोटींची तोंडं बघ. बोयामागे पाण्याची शेपटी उठते, तीही बघ. शेपटी लांब आणि खळाळती दिसली तर ओढ जोरात आहे, आणि एकदा लांबून फेरी मारून अंदाज घेतल्याशिवाय जागेत शिरायचं नाही. जमत नाहीसं वाटलं तर सरळ बाहेर पडायचं आणि पुन्हा यायचं. तीनदा बाहेर पडलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी हसत नाही.

दोरांचं थोडक्यात सांगतो. फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लटकवायच्या गाद्या, आणि दोर बाहेरच तयार ठेव. मधल्या क्लीटचा, म्हणजे बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीचा, दोर आधी दे, बोट त्यावर थांबते. वजन हाताने पेलायचं नाही, खुंट्याला वेढा घालायचा. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हातपाय कधीही घालायचा नाही, रेलिंग वाकलं तर वाकू दे. ओहोटीला उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उडी नको. आणि पक्क्या धक्क्याला बांधलंस तर दोर ढिले ठेवायला विसरू नकोस. मोठ्या उधाणाला इथे पाणी चार मीटरहून जास्त उतरतं. आखडून बांधलेली बोट दोरांवर लटकते.

आता खरं सांगायचं ते. रविवारी तुझ्याकडे कोण कोण धावलं, आठवतं? लाँचवरच्या खलाशाने मध्ये टायर टाकला. पलीकडच्या बोटीवरचे दोघे हातातला चहा ठेवून तुझा दोर घ्यायला आले. चूक कुणाची, हे कुणी विचारलं नाही. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमीची पाठ जायबंदी झाली, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगकिन त्याच्या दिशेने निघाला. त्याच वादळात मॅकगकिनच्या बोटीच्या डोलकाठ्याही मोडल्या होत्या. त्याने उरलेल्या सामानातून तात्पुरतं शीड उभारलं होतं. शेवटी दोघांनाही फ्रेंच जहाजाने उचललं. शर्यतीतले प्रतिस्पर्धी असं वागतात, तर एका धक्क्यावरची माणसं तुझ्यावर डूख धरतील असं तुला वाटलंच कसं?

काकांकडे आजच जा. फोन नको, समोर जा. 'काका, माझ्याकडून झालं, खर्च माझा,' एवढं म्हण आणि दुरुस्तीला बरोबर उभी राहा. ते पैसे घेतील की नाही ते त्यांच्यावर सोड.

येत्या शनिवारी अष्टमी जवळ आलेली असेल, भांगाचं पाणी, ओढ कमी. सकाळी ये. आधी तासभर धक्क्यावर उभी राहून येणाऱ्यांचे दोर घे. घेतलास की लगेच ओढू नकोस, सुकाणूवरचा माणूस सांगेल तेव्हाच आवळ. मग आपण आपली बोट काढू. काकांच्या शेजारची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे, त्याच जागेत तू ती लावायची आहेस.

तुझा,
दादा