चोवीस गावांची यादी

प्रिय मुली,

तुझी मेल परवा रात्री आली, सोबत ती यादीही. चोवीस गावं. प्रत्येकापुढे गाडीचं भाडं, राहण्याचा खर्च, काय पाहायचं याचा रकाना आणि शेवटी एक रिकामा चौकोन, पाहून झालं की खूण करायला. तू विचारलंस, "मावशी, चौदा महिने उरलेत, यातली कुठली गाळू?" आणि अगदी खाली, जाता जाता आठवलं म्हणून लिहावं तसं, "तोंडी परीक्षेत ३० पैकी १९ मिळाले. घेऊन टाकले. आईला अजून सांगितलेलं नाही."

यादी आणि ते १९ गुण मला एकाच दुखण्याच्या दोन खुणा वाटल्या, म्हणून हे लांबलचक पत्र.

कर्ज काढून इटलीत शिकायला गेली आहेस. प्रत्येक सुट्टी वसूल झाली पाहिजे असं वाटतं. खोलीतल्या मुली दर शुक्रवारी पाठीला पिशवी लावून नव्या गावाला निघतात. तू गेलीस तर अभ्यास टोचतो आणि राहिलीस तर फुकट चाललेली इटली टोचते. हे सगळं मी भोगलेलं आहे. पण यादी मी लावून देणार नाही. त्यातलं एक गाव ठेव, बाकीची खोड. आणि त्या एका गावात परत जा. मग पुन्हा परत जा.

मी १९९४ च्या शरदात बोलोन्याला गेले, वर्षभरासाठी, जुन्या बांधकामांचं जतन शिकायला. तेव्हा तिथलं चलन लिरा होतं, फोन कार्ड घालून रस्त्यावरून करायचा आणि माझ्याकडे एक निळी वही होती. त्या वहीत वर्षाअखेर एकतीस गावं झाली. एकतीस! मला त्याचा इतका अभिमान होता की परत आल्यावर कुणी विचारलं नाही तरी मी आकडा सांगायचे. ती तिकिटं अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत. अल्बममध्ये एक फोटो आहे: दगडी चौक, मागे कमानी, पुढे मी हसतेय. तो लुक्काचा की पिस्तोयाचा, हे मला सांगता येत नाही. ऊन कुठल्या बाजूचं आहे त्यावरून ओळखायचा प्रयत्न करून झाला. हसत होते म्हणजे काहीतरी आवडलं असणार. काय, ते गेलं.

त्या एकतिसातलं एकच गाव मला येतं. 'येतं' म्हणतेय, कविता येते तसं. फेरारा. आणि तेही माझ्या शहाणपणाने नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तासांत उरकलं होतं. किल्ला झाला, कॅथेड्रल झालं, हिऱ्यांचा महाल म्हणतात तो पलाझ्झो देई दिआमान्ती झाला, वहीत खूण झाली. पुढे डिसेंबरात व्हेनिसहून परतताना रेल्वेचा संप सुरू झाला आणि गाडी फेराऱ्यालाच थांबली. बाहेर पो नदीच्या खोऱ्यातलं ते दाट धुकं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी त्याच रस्त्यांवरून पुन्हा चालले, आणि लाज वाटावी इतकं काही मला पहिल्या खेपेला दिसलेलंच नव्हतं.

त्या पलाझ्झोच्या भिंतींना साधारण साडेआठ हजार संगमरवरी दगड आहेत, प्रत्येक टोकदार, पैलू पाडल्यासारखा. हा आकडा मी पहिल्यांदा गेले तेव्हाच वहीत उतरवला होता. पण सगळी टोकं एकाच दिशेला नाहीत, हे मला तिसऱ्या खेपेला दिसलं: खालच्या ओळींची किंचित जमिनीकडे, मधल्यांची सरळ समोर, वरच्यांची आभाळाकडे, उजेड धरण्यासाठी. चौथ्या खेपेला भाड्याची सायकल घेऊन तटबंदीवरून फिरले. नऊ किलोमीटर तट, वर झाडं, आत भाजीचे मळे. तेव्हा कुठे ते शहर डोक्यात बसलं. दक्षिणेकडे जुनं गाव, अंगावर येणाऱ्या गल्ल्या, विया देल्ले व्होल्तेच्या कमानींखालचा अंधार. जोव्हेक्का हा मोठा रस्ता ओलांडला की एकदम रुंद, सरळ रस्ते. १४९२ मध्ये तिथला ड्यूक एर्कोले देस्ते याने वास्तुकार बियाजो रोस्सेत्तीकडून गावाला हा नवा भाग जोडून घेतला. वर्गात मी ते शिकले होते, परीक्षेत सांगितलंही होतं. पण जोव्हेक्काच्या अलीकडून पलीकडे जाताना खांदे आपोआप सैल होतात, ते पाठ करून कळत नाही गं.

आणि माणसं. हे नीट वाच. नव्या गावात माणसांशी जे बोलणं होतं ते सगळीकडे एकच असतं. कुठून आलात? आमचं गाव आवडलं का? कधी निघणार? मी हे संभाषण एकतीस गावांत एकतीस वेळा केलं, आणि मला वाटत होतं माझं इटालियन सुधारतंय. फेराऱ्यात एक बेकरी होती. तिथला पाव चार शिंगांचा असतो, पिळलेला, कॉप्पिया म्हणतात. तिसऱ्या खेपेला त्या बाईंनी मी मागायच्या आधीच एक पाव कागदात गुंडाळला. पाचव्या खेपेला माझं क्रियापद दुरुस्त केलं. सहाव्या खेपेला म्हणाल्या, मी मूळची इथली नाही, नदीपलीकडची. १९५१ च्या नोव्हेंबरात पो नदीचा बांध फुटला तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी इकडे आलो. मी त्यांना पानशेत सांगितलं. १२ जुलै १९६१, माझी आई पुण्यात, गच्चीवरून पाहिलेलं पाणी. धरण, बांध, चिखल, कुजलेलं धान्य, यातले निम्मे शब्द मला येत नव्हते, ते त्यांनी हाताच्या खुणा पाहून मला दिले. ते शब्द मी आजही विसरलेले नाही. सहा वेळा गेले म्हणून हे झालं. पाच वेळा जाऊन झालं नसतं.

तेव्हा मला विचारू नकोस की परत जाण्यात वेळ वाया जात नाही का.

आता तुझे १९. ते तू घेतलेस, नोंद झाली, त्यावर रडून उपयोग नाही. पण का घेतलेस? १८ ला पास, म्हणून १९ ला सुटले? तुझ्या शेजारच्या बाकावरची इटालियन मुलं काय करतात ते तू पाहिलं असशील. गुण पसंत नसले तर नाकारतात, पुढच्या तारखेला पुन्हा त्याच प्राध्यापकांसमोर जाऊन बसतात. आपल्याकडे दुसऱ्यांदा बसणं म्हणजे नापास होणं, ही गाठ आपल्या मनात इतकी घट्ट आहे की तिथे ती रीतच आहे हे दिसत असूनही आपण ते करत नाही. मीही केलं नाही. २१ घेऊन आले होते, हात थरथरत होते आणि कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. तू ज्या हाताने गावापुढे खूण करतेस त्याच हाताने विषयापुढे केलीस. पुढच्या वेळी समाधान झालं नाही तर नाही म्हण आणि परत जा. त्यात लाज नाही. आईला मात्र आजच फोन कर. तिने १९ पेक्षा वाईट बातम्या पचवल्या आहेत.

म्हणशील, मावशी, व्हेनिस न पाहता येऊ? मी असं कुठे म्हटलं? जा की, सकाळी जा, रात्री ये. पण ते मोजू नकोस, आणि तेवढ्याने व्हेनिस पाहिलं असं कुणाला सांगू नकोस. आणि माझं फेरारा उचलू नकोस. तुझं गाव तू शोध. इमोला असेल, मोदेना असेल, एखादं असं असेल की जिथे पाहण्यासारखं काही नाही असं खोलीतल्या मुली म्हणतात.

गाव सापडेपर्यंत बोलोन्यातच एक काम कर. सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवर खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने १६५५ मध्ये आखलेली मध्यान्हरेषा आहे, सुमारे ६७ मीटर लांब. वर छताजवळच्या भोकातून उन्हाचा कवडसा पडतो आणि सूर्य माथ्यावर आला की ती रेषा ओलांडतो. जूनमध्ये तो भोकाच्या जवळच्या टोकाला असतो, डिसेंबरात पार दुसऱ्या टोकाला. मी वर्षभर तिथून दहा मिनिटांवर राहत होते. एकदा गेले, ढग होते, फोटो काढला, खूण केली. तू दर महिन्याला जा. एकदा जाऊन ती फक्त फरशीतली पट्टी दिसते.

लोक म्हणतात मी हट्टी आहे. तुझी आईही म्हणत असेल. परत आल्यावर मी नोकरीत वाईजवळच्या एका वाड्यावर अकरा पावसाळे गेले. कार्यालयात म्हणायचे, बाई, जिल्ह्यात शंभर वाडे आहेत, तुमचं एकावरच काय चाललंय? दुसऱ्या सहकाऱ्याने तेवढ्याच काळात चाळीस अहवाल दिले आणि बढती त्यांना मिळाली. मिळू दे. पहिल्या पावसाळ्यात भिंतीची ओल दिसते, ती कुठून येते ते तिसऱ्या पावसाळ्यात कळतं. माझ्या वाड्याचं छप्पर आज उभं आहे. मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही, आता तर मुळीच नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण लिहिलं गेलं, राहू दे.

जे खरं सांगायचंय ते मी इतका वेळ टाळते आहे.

माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ होते, आम्ही तात्या म्हणायचो. मराठा पलटणीतून ते इटलीत लढले होते. मी निघाले तेव्हा साताऱ्याजवळच्या गावी त्यांच्या पाया पडायला गेले. ते म्हणाले, "सेनूला जाऊन ये." सेनिओ नदी, बोलोन्याच्या पूर्वेला. ९ एप्रिल १९४५ ला मराठ्यांनी ती ओलांडली. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच: गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना सुरक्षित मागे आणलं, मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या जयजयकारात बाकीच्यांना पुढे बोलावलं. तात्या स्वतःबद्दल काही बोलायचे नाहीत. एवढंच विचारायचे, आता तिथे पाणी किती असतं.

मी रिमिनीला गेले तेव्हा ती नदी ओलांडली. रावेन्नाची मोझेक पाहायला गेले तेव्हा ओलांडली. कास्तेल बोलोन्येझेला गाडी थांबायची, लोक चढायचे-उतरायचे. मी खिडकीशी बसलेली असायचे. उतरले नाही. सेनिओ यादीत नव्हती आणि तिथे पाहायचं काय, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वाटायचं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी दुसरं गाव असायचं.

परत आल्यावर तात्यांनी विचारलं, "गेली होतीस?" मी म्हटलं, "हो, गाडीतून पाहिली." ते म्हणाले, "पाणी?" मी म्हटलं, "बरंच होतं." खोटं बोलले. त्यांच्या तोंडावरून त्यांना ते कळलं असं मला वाटलं, पण ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी पोरीने आणलेलं चॉकलेट खाल्लं आणि चांगलं आहे म्हणाले.

मी २००९ मध्ये पुन्हा गेले, चार दिवस. एक दिवस सेनिओवर घालवला. तात्या जाऊन नऊ वर्षं झाली होती. नदी आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढी आहे. बांध मात्र दोन्हीकडे उंच, गवताने भरलेले, खाली उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही. मग समजतं की त्या बांधावर डोकं वर काढणं म्हणजे काय. पण मी गेले तेव्हा सप्टेंबर होता. पाणी घोट्याएवढं. २०२३ च्या मे महिन्यात त्याच नदीने बांध फोडून गावं बुडवली, तेव्हा मी इथे टीव्हीसमोर बसून ते तपकिरी पाणी पाहत होते.

एप्रिलमध्ये तिथे किती पाणी असतं, ते मी पाहिलेलं नाही. आता माझे गुडघे मला तिथवर नेणार नाहीत. तुला मी इतका वेळ सांगतेय की दुसऱ्याच्या यादीने फिरू नकोस, आणि आता हे मागतेय, ते मला कळतं आहे. तरी मागते. ९ एप्रिलच्या आसपास एखादा दिवस काढ. बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी साधी गाडी घे, कास्तेल बोलोन्येझेला उतर, तिथून नदीपर्यंत चालत जा. पाणी कुठवर आहे, गुडघ्याएवढं की कमरेएवढं की त्याहून जास्त, ते काठावरून अंदाजाने पाहा आणि मला लिही. आत उतरू नकोस. बरोबर कुणाला तरी ने. बांधावरचं गवत ओलं असलं की पाय सरकतो.

तुझी,
मावशी