गोव्यातल्या सत्तरीच्या जंगलात पावसाळाभर चालायला ‘हंटिंग बूट’ टिकतील का? कोणते घ्यावेत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. झाडांच्या नोंदी करायच्या कामासाठी तुम्ही जूनमध्ये पुण्याहून सत्तरीत येताय, आठवड्यातले पाच दिवस डोंगरात चालायचंय. शिकारीचे परदेशी बूट सगळ्यात दणकट असतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून दहा-बारा हजारांचा वॉटरप्रूफ जोड बघून ठेवलाय. शिकारीशी तुमचा संबंध नाही हे तुम्ही लिहिलंच आहे. १९७२च्या कायद्यानं ती बंदच आहे, त्यामुळे तो विषय इथे सोडतो. बुटांचं बोलतो.

माझं घर वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, खाली व्हाळाकाठी (ओढ्याकाठी), काजूची बागायत वर डोंगरावर. दिवसातून दोनदा तरी चढउतार होतोच, चवथीआधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचं, सामान आणायला आणखी आत जावं लागतं. या अनुभवावरून सांगतो, तो जोड घेऊ नका. बूट वाईट आहेत असं नाही. ते थंड मुलखासाठी बनवलेत. तिकडे शिकारीचा हंगाम शरदात आणि हिवाळ्यात असतो, तासन्‌तास एका जागी दबा धरून बसायचं असतं. अशा बुटांच्या वर्णनात ४०० ग्रॅम, ८०० ग्रॅम असे आकडे दिसतील. ते बुटाचं वजन नव्हे, आत भरलेल्या ऊब देणाऱ्या थराचं माप आहे. आपल्याकडे जुलैतसुद्धा घामानं बनियन पिळावं लागतं. तिथे त्या थराचं काम काय?

दुसरी गोष्ट वॉटरप्रूफ अस्तराची. हे अस्तर बाहेरचं पाणी अडवतं आणि आतली वाफ बाहेर सोडतं, ही गोष्ट खरी आहे. पण वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. पावसाळ्यात आपल्या जंगलात ती तशी कुठे असते? शिवाय इथे पाणी चामड्यातून शिरत नाही, वरून शिरतं. व्हाळ ओलांडताना गुडघाभर पाण्यात उतरलात की बूट आतून भरला. मग तेच अस्तर पाणी बाहेर जाऊ देत नाही. असा भरलेला बूट दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या बुटात तिसऱ्या दिवशी पायाची कातडी पांढरी पडून सोलवटायला लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पाणी येणारच हे धरून चाला. आलेलं पाणी लगेच निघून जाईल आणि रात्रीत वाळेल असा बूट बघा. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन सैन्याने वापरलेला जंगल बूट नेमका याच विचारानं केलेला होता. खाली चामडं, घोट्यावर जाड कापड, आणि पावलाच्या आतल्या बाजूला पाणी निथळायला जाळी लावलेली दोन बारीक भोकं. त्याच धर्तीचे बूट आता बऱ्याच कंपन्या करतात. बिनअस्तराचे, आठ इंच उंचीचे घ्या. त्याहून उंच नकोत, चढावर पोटरीला काचतात.

आता टिकाऊपणाचा खरा मुद्दा, सोल. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून जरा लांबण लावतो. भावानं आखातातून एक महागडा जोड आणला होता. मी तो जपून ठेवला, वर्षातून चार-पाच वेळाच घातला. पाचव्या वर्षी श्रावणात काजूच्या बागायतीतून उतरताना उजव्या पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. पाय उचलला तर रबरी तळवा मागेच चिखलात राहिला. बुटाखाली जो मऊ थर होता त्याचा बोटानं दाबताच चुरा होत होता, किसलेल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखा. वेल तोडून तळवा बांधला आणि कसाबसा घरी आलो. दुसऱ्या दिवशी डाव्याचीही तीच गत झाली.

कारण नंतर कळलं. रबर आणि चामडं यांच्यामधला तो थर पॉलियुरेथेनचा, दुकानात ज्याला पीयू म्हणतात त्याचा होता. हवेतला ओलावा शोषून त्याची रासायनिक जोडणीच सुटत जाते, बूट घाला नाहीतर कपाटात ठेवा. आपल्या दमट हवेत तर हे लवकर होतं. त्यामुळे सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा जुना माल घेऊ नका. बऱ्याच बुटांच्या जिभेच्या आत, लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. रबराचा सोल शक्यतो शिवलेला असावा. वरच्या चामड्याला भोवतीनं पट्टी शिवलेली आणि त्या पट्टीला सोल शिवलेला, असा बूट झिजला तरी नवा सोल बसवता येतो. दुकानात कडेचा दोरा नखानं उचलून बघा. पुष्कळदा ती रबरातच उमटवलेली खोटी शिलाई असते आणि सोल नुसता चिकटवलेला असतो.

चिकटवलेलाच परवडत असेल तरी हरकत नाही. तो आणून पहिल्याच आठवड्यात मोच्याकडून भोवतीनं शिवून घ्या. वाळपईच्या बाजारात मी ज्यांच्याकडे जातो ते आधी रापीनं सोलच्या तळाला कडेकडेनं खाच पाडतात, मग नायलॉनच्या दोऱ्याला मेण घासतात आणि आरीनं एकेक टाका त्या खाचेत बसवतात. खाच नसेल तर दोरा दगडांवर घासून आठ दिवसांत तुटतो. त्यांनी मला एकदा म्हटलं होतं, “दादा, घाईत असाल तर उद्या या, खाचेशिवाय मी शिवणार नाही.” असा माणूस मिळाला तर सोडू नका.

सोलचं रबर फार कडक नको. नख रुतवलं की किंचित दबलं पाहिजे. आपल्या सड्यावर पावसात जांभ्याला शेवाळ धरतं, तिथे कडक रबर काचेसारखं घसरतं. मऊ रबर लवकर झिजतं, पण पाठ मोडण्यापेक्षा ते परवडलं. खालचे खाचे एकमेकांपासून लांब असावेत, म्हणजे कुळागरातला चिखल त्यात गच्च बसत नाही. तरीही हिरव्यागार शेवाळावर कुठल्याच बुटाचा भरवसा नाही. तिथे पावलं जवळजवळ टाका.

वरचं चामडं जाड आणि कमी जोडांचं बघा. जितक्या शिलाया तितक्या उसवायच्या जागा. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी, नाहीतर खडे, काड्या आणि जळवा तिथूनच आत येतात. जळवांसाठी लांब मोजे घाला आणि पँट मोज्यात खोचा. ही सवय पावसाळ्यानंतरही ठेवा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडींमुळे पसरतो. उन्हाळ्यात बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचताना पातेऱ्यात (वाळक्या पानांत) घोणस असू शकते, त्या दिवसांत घोट्यावर कापडाऐवजी जाड चामडं असलं तर बरं. पण त्याच्या भरवशावर पातेऱ्यात हात-पाय घालू नका.

गमबूट? कुळागरात पाणी सोडायला त्यासारखं दुसरं काही नाही, मीही तेच घालतो. डोंगर उतरताना मात्र पाय आत पुढे सरकतो आणि अंगठ्याची नखं काळी पडतात.

घरी आल्यावर आतलं गादीसारखं पान काढून वेगळं वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. मग पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ ठेवायचा मोह होतो, पण त्यानं चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. खोबरेल चोपडू नका. माझ्या बुटांचं चामडं त्यानं लिबलिबीत झालं आणि आठवड्यात बुरशी आली. मेणाचं पॉलिश पुरे. रोज चालायचं असेल तर एका महागड्या जोडापेक्षा मध्यम किमतीचे दोन जोड घ्या आणि आलटून पालटून घाला.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघा. नाड्या आवळून दुकानाच्या जिन्यावरून उतरा. बोटं पुढे टेकली तर एक नंबर मोठा घ्या. आणि हे मिरगाच्या निदान पंधरा दिवस आधी करा. रोज तासभर घालून बाजारात, टेकडीवर फिरा. टाचेला फोड यायचाच असेल तर तो तिकडे पुण्यात कोरड्यात येऊ दे. इथल्या पाण्यात तो पंधरा-पंधरा दिवस भरत नाही.