ख्रिस्ती विद्यापीठात इतिहास शिकायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे की, स्वतः ख्रिस्ती नसताना ख्रिस्ती विद्यापीठात इतिहास आणि समाजशास्त्र शिकायला जावे का, आणि तिथे इतिहासाच्या नावाखाली धर्मोपदेशच ऐकावा लागेल का. मी अशाच एका विद्यापीठात पाच वर्षे इतिहास शिकलो. माझे मत आहे की जावे, पण आधी ती संस्था कोणत्या जातकुळीची आहे हे नीट पाहावे.

कारण 'ख्रिस्ती विद्यापीठ' या एका नावाखाली अगदी भिन्न संस्था मोडतात. अमेरिकेतील जॉर्जटाउन हे १७८९ साली स्थापन झालेले, जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाचे विद्यापीठ. तिथे निरनिराळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही शिकतात व शिकवतात. उलट अमेरिकेतीलच व्हीटनसारख्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहातील महाविद्यालयात श्रद्धाविषयक निवेदन अध्यापकांना दरवर्षी नव्याने मान्य करावे लागते. दोन्हीकडे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीवर (जिच्यातून प्रोटेस्टंट पंथ निघाले) उत्तम व्याख्याने होऊ शकतात, मात्र शिकवणाऱ्याला किती मोकळीक आहे यात फरक पडतो.

श्रद्धा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकत नाहीत, ही समजूत इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी बाळगू नये. सतराव्या शतकात पापेब्रोख या जेझुइट अभ्यासकाने संतचरित्रांची छाननी करताना जुन्या मठांच्या सनदांच्या अस्सलपणाबद्दलच शंका घेतली. त्याला उत्तर म्हणून माबियाँ या बेनेडिक्टाइन या मठवासी संघातील संन्याशाने १६८१ साली लिपी, शिक्का, तारखेची पद्धत आणि मजकुराची धाटणी यांवरून खरा दस्तऐवज कसा ओळखावा याचे नियम मांडले. मुद्दा मठांच्या मालमत्तेचा आणि प्रतिष्ठेचा होता, तरी पापेब्रोखने माबियाँचे म्हणणे मोकळेपणाने मान्य केले. आज दस्तऐवज तपासण्याची जी शिस्त आपल्याला शिकवली जाते, तिचा पाया या वादात घातला गेला.

अशा विद्यापीठांची खरी श्रीमंती अनेकदा त्यांच्या दप्तरखान्यात असते. आमच्या वर्गात एकदा बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही उघडून ठेवली होती: तारीख, बाळाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता आणि खाली पाद्र्याची सही. बापाचा रकाना कोरा असलेल्या नोंदी मोजा, एवढेच बाईंनी सांगितले. तासाभरात आम्ही धर्माबद्दल नव्हे, तर अनौरस मुले, स्थलांतर आणि मजुरी यांबद्दल बोलत होतो. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने १५६३ साली अशा नोंदी ठेवणे बंधनकारक केले आणि विसाव्या शतकात लुई आन्री या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने त्यांतूनच कुटुंबांची पुनर्रचना करून लोकसंख्येच्या इतिहासाला नवे साधन दिले, हे आम्हाला नंतर कळले. (ती वही हाताळताना आलेल्या शिंका मात्र अजून आठवतात.)

समाजशास्त्राबाबत भीती आणखी कमी आहे. धर्माचे नामवंत समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर स्वतः ल्यूथरन या प्रोटेस्टंट पंथाचे होते, तरी समाजशास्त्रज्ञाने अभ्यासापुरते देवाला स्पष्टीकरणाबाहेर ठेवावे असा त्यांचा आग्रह होता आणि या भूमिकेला ते पद्धतीपुरता निरीश्वरवाद म्हणत.

अडचणी नाहीत असे नाही. चर्चमधील लैंगिक अत्याचार किंवा समलिंगी संबंधांचा इतिहास असे विषय काही ठिकाणी नकोसे असतात. माझ्या एका वर्गमित्राला प्रबंधाचा विषय 'थोडा सौम्य' करण्याचा सल्ला मिळाला. त्याने तो मानला आणि पुढे पस्तावला. धर्मशास्त्राच्या सक्तीच्या तासिका आणि उपासनेची हजेरी यांचे नियमही प्रवेशाआधीच वाचावेत.

मला विचाराल तर संस्था स्वतःचा भूतकाळ कसा शिकवते, हीच कसोटी लावावी. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या जेझुइटांनी १८३८ साली २७२ गुलाम माणसे विकली आणि त्या पैशातील काही भाग जॉर्जटाउनचे कर्ज फेडायला गेला. ही हकिकत विद्यापीठाने बराच काळ मागे पडू दिली होती. अलीकडच्या काळात मात्र विक्रीची कागदपत्रे खुली केली, वंशजांशी संवाद सुरू केला आणि २०१७ साली इमारतींची नावे बदलली. एवढ्याने हिशेब चुकता होत नाही, पण तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो विषय उघडपणे अभ्यासता येतो. तुम्ही निवडलेल्या विभागाला गेल्या काही वर्षांतील प्रबंधांच्या शीर्षकांची यादी मागा. त्या यादीत स्वतःच्या चर्चला अवघड प्रश्न विचारणारे दोनचार प्रबंध दिसले, तर अर्ज करायला हरकत नाही.