मोहोरबंद पाकिटातलं नाव

प्रिय,

आस्थापना शाखेत तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. विभागीय चौकशीच्या फायली आता तुझ्या टेबलावर येतील.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधला नियम 5 पाठ करून टाक. ठपका, वेतनवाढ रोखणं, नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा. खालच्या पदावर आणणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी या जबर. काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फ झालेल्याला सहसा नाही. टिपणी लिहिताना या दोन शब्दांची गल्लत कधीच करू नकोस.

पण सर्वात छळणारी शिक्षा त्या यादीत नाहीच. ती म्हणजे रेंगाळलेली चौकशी. पदोन्नती समिती बसते तेव्हा दोषारोपपत्र बजावलेल्या कर्मचाऱ्याबद्दलचा निर्णय पाकिटात घालून मोहोर लावतात. नुसती तक्रार आहे, प्राथमिक चौकशी चालू आहे, एवढ्यावर हे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या जानकीरामन प्रकरणात स्पष्ट केलंय. ‘चौकशी प्रस्तावित’ असा शेरा मारून कुणाचं नाव मागे ठेवायला सांगितलं, तर हा निकाल टिपणीत लिही. तोंडी वाद घालत बसू नकोस.

मी कक्ष अधिकारी असताना एका वरिष्ठ लिपिकाची फाईल माझ्याकडे चौदा महिने पडून होती. एक पावतीपुस्तक सापडत नव्हतं. मी स्मरणपत्रं धाडत राहिलो, उठून अभिलेख कक्षात गेलो नाही. शेवटी गेलो, तर तासाभरात ते हाती लागलं आणि त्यातल्या नोंदी त्यांच्याच बाजूने निघाल्या. ते निर्दोष सुटले, पाकीट उघडलं, मानीव दिनांकही, म्हणजे पदोन्नती ज्या मागच्या तारखेपासून धरायची ती तारीखही, मिळाला. पण दोनच महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले होते. वरच्या पदाच्या खुर्चीत ते एक दिवसही बसले नाहीत. आदेशाची प्रत घ्यायला आले, तेव्हा कागदाला घडी पडू नये म्हणून छातीशी धरून घेऊन गेले. तो दोष माझा होता.

न्यायाधीशांच्या शिस्तीचं आणि बढतीचं काय, असं तू विचारलं होतंस. कनिष्ठ न्यायालयांवरचं नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद 235 नुसार उच्च न्यायालयाकडे आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून दूर करायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं, मग राष्ट्रपतींचा आदेश निघतो. मला हे योग्यच वाटतं. सरकारविरुद्ध निकाल द्यायची वेळ ज्याच्यावर येते, त्याची बढती सरकारच्या मुठीत नको.

आणखी एक. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेच्या निर्णयाआधी संबंधिताला मिळाली का, ते स्वतः पोच पाहून तपास.

सोमवारी कपाट उघडशील, तेव्हा निवृत्तीला वर्षभर उरलेल्यांच्या फायली आधी बाजूला काढ. किती निघाल्या ते मला कळव.

अनेक आशीर्वाद.