टाकायासूमध्ये व्हॉल्व्हचं ऑपरेशन लांबवणं म्हणजे चालढकल का?

तुमच्या सत्तावीस वर्षांच्या बहिणीला टाकायासू आहे, म्हणजे महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येण्याचा आजार, एऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदय आणि महाधमनीमधली झडप) गळतोय आणि डॉक्टर म्हणतात आधी सूज उतरू द्या. चालढकल मुळीच नाही. सूज भडकलेली असताना महाधमनीची भिंत टाके धरत नाही. नवा व्हॉल्व्ह कडेने गळतो, कधी सुटतोही. हेच वाक्य आमच्या भावजींना समजावताना माझा घसा बसला होता.

माझ्या धाकट्या नणंदेलाही हाच आजार, तिची गोष्ट. इथे वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या एका दवाखान्यात नर्सने डाव्या हाताला पट्टा गुंडाळला, आकडाच येईना. "मशीन खराब छे, बेन," म्हणत तिने सेल बदलले. मशीन धडधाकट होतं, हाताची धमनीच अरुंद झाली होती. पुढे कोणीतरी मांडीला पट्टा बांधला, तेव्हा खरं बीपी कळलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. तुमच्या बहिणीचं पायाचं बीपी कोणी घेतलंय का? नसेल तर उद्याच घ्यायला लावा.

सर्जननी सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, खाली येईपर्यंत स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट (सूज दाबणारं औषध) चालू ठेवलं. भावजींचं एकच पालुपद: "स्टिरॉइड म्हणजे विष, ऑपरेशन उरकून टाका." उरकायला ते काय बारसं आहे? शेवटी बेंटॉल झालं, म्हणजे व्हॉल्व्हसकट महाधमनीचं फुगलेलं मूळच बदललं. काढलेला तुकडा बायोप्सीला गेला, त्यात आत सूज शिल्लक होतीच. सीआरपी नॉर्मल आला म्हणजे आग विझली असं नसतं, आणि ऑपरेशननंतरही गोळ्या सुटत नाहीत.

व्हॉल्व्ह कोणता? नणंदेला मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम यांत्रिक, बसवला. म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर आणि आयएनआरच्या (रक्त किती पातळ झालंय ते पाहणाऱ्या तपासणीच्या) खेपा. मूल हवं असेल तर ही गोळी, वॉरफरिन, गर्भाला घातक ठरू शकतं, तेव्हा हे आधीच बोला. टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे प्राण्याच्या ऊतींपासून केलेला, तरुण वयात लवकर झिजतो. बाकी तुमचे सर्जन जाणोत.

हो, धाप वाढत असेल, हृदय फुगत असेल तर थांबायला वेळ नसतो. तो निर्णय डॉक्टरांचा, माझं ऐकून थांबू नका.

स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, खरंय, म्हणून तर कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व देतात. पण मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. हे म्हटलं की भावजी विचारायचे, "वहिनी, तुम्ही डॉक्टर का?" त्यांचं स्वतःचं मांडवीत कापडाचं दुकान आहे.