शिबिराला निघण्याआधी

प्रिय मुली,

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराची गटप्रमुख झालीस आणि सर्पदंश हाच विषय धरलास, फार बरं वाटलं. आराखडा वाचला. भाषणं आहेत, पोस्टर आहेत, पथनाट्य आहे. गावाला काही विचारायला मात्र वेळच ठेवलेला नाही.

पहिली संध्याकाळ मोकळी ठेव. शेतावर जाणाऱ्या बायकांमध्ये बस. कुणाला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, दिवसा की रात्री, आधी कुठे नेलं, गाडी कुणाची मिळाली, एवढंच विचार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं तुमच्या मुलांना पाठ आहेत. पण मण्यार जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दंश कित्येकदा जाणवतही नाही, पुढे पोटात दुखू लागतं, पापण्या मिटायला लागतात, हे घरात भोगलेलं माणूस त्या बायकांत असू शकतं. ते बोललं, तर तुमच्या पोस्टरपेक्षा गाव त्याचं ऐकेल.

मांत्रिकाची टिंगल कुणालाही करू देऊ नकोस, पथनाट्यातसुद्धा. बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी सापही काही वेळा विष न सोडताच चावतो. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसं वाचतात आणि श्रेय त्याला मिळतं. हे नीट उलगडून सांग. जमलं तर त्यालाच गळ घाल की कुणी आलं तर आधी १०८ला फोन कर. माझ्या काही मित्रांना ही तडजोड वाटते. मला वाटत नाही. माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको, हातपाय हलू द्यायचे नाहीत: हे दहा मिनिटांत शिकवून होतं. खरं काम प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. प्रतिविषाचा साठा आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, हे शिबिराआधी स्वतः जाऊन विचार. त्या उत्तरांचा आणि गावातल्या गाडीवाल्यांच्या नंबरांचा एक कागद गावच्या आशा कार्यकर्तीकडे दे, एक शाळेत लाव.

आणि हा कागद जुना होतो. दंश वाढतात पावसाळ्यात, तुमचं शिबिर हिवाळ्यात. तेव्हा मेअखेरीस पुन्हा गावात जायला पहिल्या वर्षाची दोन मुलं आत्ताच निवड आणि आरोग्य केंद्रात जाताना त्यांनाच बरोबर ने. बोलू दे त्यांना.

तुझे,
सर