पवित्र गुरुवारचा अर्थ काय? त्या दिवशी फादर लोकांचे पाय का धुतात?

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा अर्थ काय, पाय का धुतात आणि ऑफिसातल्या ख्रिस्ती मैत्रिणीला त्या दिवशी शुभेच्छा द्याव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. मी वसईची, जन्माने कॅथलिक.

त्या रात्री येशूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन केले आणि भाकर व द्राक्षरस आपले शरीर-रक्त म्हणून दिले. आमच्या मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, मूळ ते. पण योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी एकात, त्या संध्याकाळवर पाच अध्याय आहेत आणि भाकरीचा हा प्रसंग त्यात नाहीच. तिथे आहे कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा गुरू. धुळीतून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे तेव्हा गुलामाचे काम, म्हणून पेत्र या शिष्याने आधी साफ नकार दिला. आणि थोड्याच वेळात दगा द्यायला बाहेर पडणारा यहूदा, त्याचेही पाय धुतले गेले. माझ्या मते सगळा दिवस एवढ्यात आहे.

आता पाय कोणाचे, हा प्रश्न. आमच्या घरात यावरून जुना वाद आहे.

माझ्या लहानपणी आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर बारा पुरुष बसत. यादी थोरले काका करायचे. एका वर्षी एक जण आलाच नाही, खुर्ची रिकामी राहिली. फादर तांब्या-परात घेऊन थांबलेले. दुसऱ्या बाकावर माझी आई बसली होती. पहाटेच्या गाडीने मोगरा घेऊन दादरला जाणारी, दुपारी परत येऊन वाडीला पाणी लावणारी. मी काकांना ऐकू जाईल असे म्हटले, आईला बसवा ना. काकांनी मागे वळून माझ्याच वर्गातल्या एका मुलाला हाताला धरून खुर्चीत बसवले. घरी आल्यावर त्यांचे म्हणणे एकच, प्रेषित, म्हणजे येशूचे बारा शिष्य, पुरुष होते. आई काही बोलली नाही. मी बोलले, आणि अजून बोलते आहे.

कारण योहानाच्याच बाराव्या अध्यायात बेथानी गावची मरिया येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते आणि आपल्या केसांनी पुसते. तेराव्या अध्यायात तो शिष्यांचे पाय धुतो. एका बाईने त्याच्यासाठी जे केले तेच त्याने काही दिवसांत इतरांसाठी केले, असे मी वाचते. त्या पायांपाशी बाई आधी होती, मग खुर्चीत का नको? आणि प्रेषितांसारखेच बारा हवे असतील तर त्यांत एक यहूदाही शोधावा लागेल. काकांकडे याला उत्तर नव्हते.

बाराचा आकडाही रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, केव्हाच सोडला. 1955 च्या विधीत बारा पुरुष असे होते, 1970 च्या मिस्सा-ग्रंथात पुरुष राहिले, बारा गेले. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचेही पाय धुतले, त्यांत एक मुसलमान मुलगी होती. मग जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला, देवाच्या प्रजेतून कोणालाही निवडा, स्त्री असो वा पुरुष.

त्यानंतर आमच्याकडे आलेल्या नव्या फादरांनी आईचे नाव घातले. तिने पेत्रासारखाच नकार दिला, भेगा पडल्यात फादर, माझे नको. फादर म्हणाले, म्हणूनच. ती बसली. फादरांनी गुडघे टेकले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. काका त्या संध्याकाळी आले नाहीत. रोम चुकले, असे ते आजही म्हणतात. मी म्हणते, रोमला उशीर झाला.

शुभेच्छांचे म्हणाल तर खुशाल द्या. ही मिस्सा पांढऱ्या वस्त्रांत होते, 'ग्लोरिया' या स्तुतिगीताला घंटा वाजतात. त्यानंतर मात्र घंटा पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्रीपर्यंत बंद, वेदीवरचे सगळे काढून घेतात आणि लोक रात्री आराधनेला बसतात. गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणू नका.

एक सांगायचे राहिले. 2016 चा नियम परवानगी देतो, सक्ती करत नाही, त्यामुळे काही ठिकाणी अजून पुरुषच दिसतील. पाय धुण्याचा विधीही मिस्सात ऐच्छिकच आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो नसतो, तिथे प्रभुभोजन असते. तेव्हा तुमची मैत्रीण कोणत्या मंडळीतली ते आधी विचारा. कॅथलिक असेल तर संध्याकाळी तिच्याबरोबर जा, तुम्हाला कोणी अडवणार नाही. आणि खुर्च्यांवर सगळे पुरुषच दिसले तर बाहेर आल्यावर तिथल्या फादरांना कारण विचारा. पाहुण्याने विचारलेले ते ऐकून घेतात, घरच्या मुलीने विचारले की तो उद्धटपणा ठरतो.